गिअर हलका होता, रंजू

रंजू, काल मी तुझी गाडी सुरू केली. हसू नकोस. आधी सवयीनं डावीकडचंच दार उघडलं होतं. मग लक्षात आलं की आता त्या बाजूला बसून उपयोग नाही, म्हणून पुढून वळसा घालून उजवीकडे गेलो. सीट तुझ्या उंचीची, पुढे ओढलेली. माझे गुडघे स्टिअरिंगला लागले. ती मागे सरकवायला हात खाली नेला आणि तसाच वर घेतला. अवघडून बसलो, पण सीट हलवली नाही.

तुझं तेरावं झालं, पाहुणे आपापल्या घरी गेले. आता घरात आई, आपली मुक्ता आणि मी. आईचं एकच चाललंय, "ती गारी ईकून टाक. मना ती दारान नको." मुक्ताचं दुसरंच. तिला कॉलेजला त्याच गाडीनं जायचंय, तेही गाडी आहे तशीच ठेवून, तुझ्या त्या दांड्यासकट. "आईचा हात लागलाय त्याला," म्हणते. लायसन्स मिळून तिला वर्षही झालेलं नाही. मला गाडी विकवत नाही आणि मुलीला तिच्यात बसवायचा धीरही होत नाही.

भीती त्या दांड्याची आहे. गेली दोन वर्षं आपण दोघं ज्याच्यावरून भांडत आलो, तो गिअरचा दांडा. तुला काही नवीन सांगायचं नाही, पण पहिल्यापासून आठवल्याशिवाय मला राहवत नाही. तुझा डावा खांदा जखडला तिथून हे सुरू झालं. घरून निघालं की गोदामांच्या ट्रकांमागून सरकत जायचं, पहिला, दुसरा, परत पहिला. भिवंडी ओलांडून दिघाशीच्या शाळेत पोचेपर्यंत तुझा हात गळून जायचा. केस बांधायला मुक्ताला हाक मारायचीस. मी म्हटलं, ऑटोमॅटिक घेऊ. तेव्हा तू माझ्याकडे असं बघितलंस, जणू मी तुला काठी आणून देतो म्हणालो होतो. गिअर टाकणं तुला मनापासून आवडायचं. चौथीच्या पोरांना पाढे शिकवून आलेली बाई रिकाम्या रस्त्यावर दुसऱ्यातून तिसरा टाकताना अशी खूश व्हायची की मला हेवा वाटायचा.

मग मोबाईलवर कुठलातरी व्हिडिओ बघून तू तो शॉर्ट शिफ्टर मागवलास. कंपनीचा लांब दांडा काढायचा आणि त्या जागी हा आखूड बसवायचा. हात जरासा हलवला की गिअर पडतो, खांदा उचलावा लागत नाही. ऐकायला छान होतं. बसवताना गॅरेजवाल्या इरफानभाईनं तुला सांगितलं होतं, "भाभी, लगा तो दूँगा. लेकिन ये आपकी गाड़ी का नहीं है, सब गाड़ी का है. बाद में मेरे को मत बोलना." तू म्हणालीस, "नहीं बोलूँगी." मी बाजूला उभा राहून इरफानभाईला डोळ्यांनी खुणा करत होतो की नको बसवूस. त्यानं बघितलं, पण ऐकलं तुझंच. ते सगळेच करायचे.

तो बसला आणि आपल्या घरची शांतता गेली. हात कमी हलायचा, पण जोर दुप्पट लागायचा. दांड्याच्या बुडाशी रबरी बुशच्या जागी धातूचा बुश आला होता, त्यामुळे इंजिनाची सगळी थरथर दांड्यातून तुझ्या मुठीत. कधी चौथा पडला असं वाटायचं आणि गाडी कुठल्याच गिअरमध्ये नसायची, इंजिन नुसतं गुरगुरायचं. हे सगळं मी सोसलं असतं. पण रिव्हर्सनं माझी झोप उडवली. कंपनीच्या दांड्यावर नॉबखाली एक रिंग होती, ती बोटांनी वर उचलल्याशिवाय रिव्हर्स पडत नव्हता. ह्या नव्या दांड्यावरची रिंग नुसती शोभेची. आणि आपल्या गाडीत रिव्हर्स पहिल्याला अगदी चिकटून. हात जरा जास्त डावीकडे गेला की पहिल्याऐवजी रिव्हर्स.

फाट्याच्या पुलावर चढताना ते पहिल्यांदा झालं. पुढची रांग हलली, तू गिअर टाकलास, क्लच सोडलास आणि गाडी मागे गेली. मागे कंटेनर. त्याचा हॉर्न माझ्या पाठीच्या मणक्यातून गेला. तू ब्रेक दाबलास, गिअर बदललास आणि काही झालंच नाही अशी पुढे निघालीस. मी दोन्ही हातांनी वरचं हँडल धरलं होतं, पाय डॅशबोर्डला टेकवले होते.

"भागूबाई, पाय खाली घे," तू म्हणालीस.

"अगं, आत्ता मेलो असतो आपण!"

"मेलो का? नाही ना? मग पाय खाली घे."

त्यानंतर तू क्लच पूर्ण सोडायच्या आधी क्षणभर थांबायला लागलीस. गाडी कुठल्या अंगाला ओढतेय ते तुला पायातून कळायचं म्हणे. मी ते शिकून घ्यायला हवं होतं, पण पूल आला की मी खिडकीतून खाडीकडे बघत बसायचो.

घरी आल्यावर मात्र माझी जीभ चालायची. काढून टाक तो दांडा, डुप्लिकेट माल तो डुप्लिकेटच. आणि तू भाजी ढवळता ढवळता ठरलेलं उत्तर द्यायचीस. "दिवसभर दुकानात बसून लूमवाल्यांना लोकल पार्ट विकतोस. त्यांना सांगतोस, शेठ, कंपनी से अच्छा चलेगा. आणि बायकोच्या गाडीला मात्र कंपनीचाच हवा?" पॉवरलूमचे स्पेअर पार्ट विकून माझं डोकंच तसं झालंय. कुठं काही बिघडलं की पहिला प्रश्न, पार्ट कुठला टाकलाय? यंत्र थांबलं, पार्ट बघ. कापडात धागा तुटला, पार्ट बघ. माणसाचं काही दुखलं तरी मी आधी पार्टच बघणार.

वज्रेश्वरीचं आठवतं? देवीचं दर्शन घेतलं, कुंडाच्या गरम पाण्यात पाय सोडून बसलो, आई खूश, मुक्ता खूश. परत निघालो आणि थोडं पुढे आल्यावर दांडा एकदम लुळा पडला. खालची केबल जोडणारी क्लिप निखळली होती. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये अडकली, वरचा गिअर पडेना की खालचा. मी म्हटलं, उतरूया, बस येईल. तू म्हणालीस, "दुसरा गिअर आहे ना? मग घर आहे." आणि अख्खा रस्ता तू दुसऱ्या गिअरवर चालवलीस. रिक्षा पुढे जात होत्या, सायकलवाला एक पुढे गेला आणि वळून हसला. मागे आई मोठ्यानं देवीचं नाव घेत होती, मुक्ता मोबाईलवर शूटिंग करत होती. मी घामानं भिजलो होतो. तू गात होतीस. अंजूरच्या वळणावर मी तुझ्याकडे बघितलं तेव्हा मनात आलं, ही असताना आपलं काय वाईट होणार? तेव्हा बोललो नाही. असलं काही मी तुझ्याशी कधी बोललोच नाही, दांड्याबद्दलच बोलत राहिलो.

मग ह्या वर्षी पावसाळ्यात तुझा हात परत दुखायला लागला. ह्या वेळी खांदा नव्हता. दंडापासून खाली, "आतून भरून आल्यासारखं," तू म्हणालीस. मी काय म्हणालो ते तुला माहीत आहे. दांडा जड आहे, दुसरं काय? रोज एवढा जोर लावल्यावर हात दुखणारच. जिना चढून आल्यावर बाहीवरून हात चोळत तू पायरीवर बसायचीस आणि मी आतून ओरडायचो, "काढ तो दांडा!" तू हसायचीस. गणपतीपर्यंत हे असंच चाललं.

दसऱ्याच्या पुढेमागे मी परत तेच म्हणालो, आणि तू म्हणालीस, "हो रे बाबा. तुझंच खरं."

लग्नाला इतकी वर्षं झाली, त्यात तू "तुझंच खरं" म्हणाल्याचं मला दुसरं उदाहरण आठवत नाही. मला त्याच वेळी घाबरायला हवं होतं. कुठल्याही फुसक्या गोष्टीला घाबरणारा माणूस मी, पाल दिसली तरी दुसऱ्या खोलीत जाणारा. आणि तेव्हा मी घाबरलो नाही. मी खूश झालो. दुकानात जाऊन शेजारच्या गाळेवाल्याला चहा पाजला.

त्या सकाळी तू शाळेच्या रस्त्यावर गाडी अगदी डावीकडे, झाडाखाली घेतलीस. तुला बघायला थांबलेल्या माणसांनी मला सांगितलं, इंडिकेटर चालू होता, हँडब्रेक ओढलेला होता, गिअर न्यूट्रलला होता. कोणाला धक्का लागला नाही. शाळेचा डबा शेजारच्या सीटवर, माझ्या जागेवर. हॉस्पिटलमध्ये तरुण डॉक्टर होता, हळू आवाजात विचारत होता, "ह्यांचा हात वगैरे दुखत होता का?" मी म्हणालो, "हो, गिअर जड होता." त्यानं माझ्याकडे बघितलं. मग सहीसाठी कागद पुढे केला.

हे कालपर्यंत कोणाला सांगितलं नव्हतं. आज तुला सांगतोय.

तर काल. मुक्ता कॉलेजला गेली होती, आई आत पडली होती. गाडी उभी राहिली की बॅटरी उतरते हे तूच सांगायचीस, म्हणून चावी घेतली. एवढे दिवस बंद होती तरी पहिल्या झटक्याला सुरू झाली, त्याचं जरा नवल वाटलं. नुसती जागेवर चालू ठेवायची, हलवायची नाही, असं ठरवलं होतं. पण तो दांडा समोर होता. तुझ्या तळव्यानं नॉबवरचे आकडे पुसट झालेले. मी क्लच दाबला आणि मूठ आवळून, सगळा जोर लावून दांडा पुढे ढकलला.

तो लोण्यात सुरी जावी तसा गेला. माझाच हात पुढे आपटला.

मी परत न्यूट्रलला आणला. मग दोन बोटांनी ढकलला. गेला. दुसरा, तिसरा, चौथा, सगळे दोन बोटांनी. थरथरही नव्हती. मी गाडी बंद केली, पण मला उतरता येईना. दांडा जड नव्हताच, रंजू. मग तुझा हात कशानं दुखत होता, हे मी कोणाला विचारणार होतो?

तसाच स्कूटर काढून इरफानभाईकडे गेलो. तो एका टेम्पोखाली झोपून काम करत होता, मला बघून बाहेर आला, हात पुसले. मी विचारलं तशी त्यानं मान खाली घातली.

"साहब, वो तो भाभी ने गणपती की छुट्टी में ही करवा लिया था. नीचे का पूरा सामान मैंने वापस कंपनी का डाल दिया. ऊपर का डंडा वही रखा, बाहर से पता नहीं चलता."

"मुझे क्यों नहीं बताया?"

"भाभी बोलीं, साहब को मत बताना. बोलेंगे, मैंने कहा था ना."

तिथेच, त्या ऑइलच्या वासात, मला हसू आलं आणि त्याच श्वासात रडू. इरफानभाईनं स्टूल पुढे केला. मग म्हणाला, "गियर हल्का हो गया था. भाभी ने ख़ुद चला के देखा. उतर के भी हाथ दबा रही थीं. मैंने बोला, पुरानी आदत है, चला जाएगा. मैंने भी यही बोला, साहब." आणि तोही माझ्याशेजारी टायरवर बसला.

तुझा इतका राग आला काल. एका भांडणात हरायचं नव्हतं म्हणून एवढं लपवलंस? मी किती चिडवलं असतं? आठ दिवस? महिनाभर? चिडवून चिडवून थकलो असतो आणि मग विचारलं असतं, गिअर हलका झालाय तर हात का दुखतोय? दांड्याला दोष देता येईना म्हटल्यावर तुझ्या हाताकडे बघावंच लागलं असतं. तू मला ते बघूच दिलं नाहीस.

पण परत येताना, स्कूटरवर, दुसरंही आठवलं. मुक्ताला डेंग्यू झाला होता, प्लेटलेट उतरत होत्या, आणि मी हॉस्पिटलच्या जिन्यात घेरी येऊन बसलो होतो. मुलीची सलाईन सोडून तुला मला पाणी पाजायला यावं लागलं. त्या दिवशी तू मनात काहीतरी ठरवलं असणार. ह्याला सांगितलं की काम वाढतं. म्हणून खांद्याचं अर्धं सांगायचीस, रिव्हर्सचं मी शेजारी असेन तेवढंच सांगायचीस. आणि हाताचं, जिन्याचं, दमायचं किती लपवलंस ते आता कळायला मार्ग नाही. ते दुखणं काळजाचं आहे हे तुला कळलं होतं का गं? नुसती शंका तरी आली होती का? की तूही मनापासून म्हणत होतीस, जुनी सवय आहे, जाईल? हा प्रश्न घेऊन मी आयुष्यभर बसणार आहे, आणि त्याची मला सगळ्यात जास्त भीती वाटते.

संध्याकाळी मुक्ता आली. मी विचारलं, "मला काही सांगायचं राहिलंय का?"

"काही नाही," ती म्हणाली. हुबेहूब तुझ्या आवाजात. पाण्याचा ग्लास धरला होता तसाच धरून, नजर दुसरीकडे.

मी तिला खाली बसवलं आणि सगळं सांगितलं. दोन बोटांनी पडलेला गिअर, इरफानभाई, डॉक्टरला दिलेलं उत्तर, सगळं. ती खूप रडली. मग नाक पुसून म्हणाली, "बाबा, मी परवा गाडी काढली होती. तुम्ही दुकानात होतात. पुलावर रिव्हर्स पडला. मागे ट्रक होता. त्याचा बंपर काचेत एवढा मोठा दिसला. ब्रेक लागला म्हणून वाचले. तुम्हाला सांगणारच नव्हते. आजीलाही नाही."

जे व्हायचं तेच झालं. माझे हातपाय थरथरायला लागले, डोळ्यांसमोर काळं आलं, मी भिंतीला टेकून खाली बसलो. मुक्तानं पाणी आणलं. आई आतून आली, "काय झालं रं?" म्हणून ओरडली. मी पाणी प्यायलो. दात ग्लासावर वाजत होते. थोड्या वेळानं थरथर थांबली. मग मी मुक्ताला विचारलं, हात किती डावीकडे गेला होता? क्लच एकदम सोडलास का? ती दाखवायला लागली, हवेतच, स्वयंपाकघरात बसून. मी बघत होतो. तू क्लचवर क्षणभर थांबायचीस ते तिला सांगितलं. तिला ते माहीतच नव्हतं.

आज इरफानभाईकडे जाऊन तो दांडा, शोभेच्या रिंगेसकट, वरपासून खालपर्यंत काढायचा ठरलंय. मुक्ता तयार झाली आहे, मी जबरदस्ती केली नाही. तिथपर्यंत गाडी तीच चालवणार, पुलावरूनच, कारण मला येत नाही. मी शेजारी बसणार आहे. आत्तापासूनच माझे तळवे ओले आहेत, आई दोनदा म्हणून गेली, "नको जाऊ रं पोरीला घेऊन." जातोय.

पण हे लिहून मगच निघतो. तू मला सांगायला हवं होतंस, रंजू. हात दुखतोय, गिअर हलका आहे तरी दुखतोय, जिना चढवत नाही, सगळं. मी रडलो असतो, तुला रात्रंदिवस छळलं असतं, डॉक्टरांसमोर घेरी येऊन पडलो असतो, तुला मलाच पाणी पाजावं लागलं असतं. काल कळलं, त्यापलीकडे काही होत नाही.

मी घाबरलो असतो. एवढंच झालं असतं.